दुपारी सुटणारा कॅमेरा

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर कुणाला लागलं नाही तर उत्तमच. उजवा हात मांडीवर ठेवला आहे. ठेवावा लागतो, आपणहून तो कुठे जात नाही. लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखा बसून आहे. एवढ्या चार ओळींना अर्धा तास लागला. आज बस.

११ फेब्रुवारी, शनिवार

काय झालं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे भेटायला येणाऱ्यांना वही दाखवता येईल आणि तोंड वाचेल.

दहा जानेवारीला शनिवार पेठेतल्या माझ्या दुकानात, म्हणजे जिन्याखालच्या साडेपाच बाय सातच्या जागेत, मी स्टुलावरून खाली आलो. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. चौतीस वर्षं त्या जागेत लोकांचे कॅमेरे दुरुस्त केले. माझ्या डोक्यात काय अडकलं आहे ते मात्र दुसऱ्यांनी सांगायचं.

त्या वेळी टेबलावर तुळजाबाईंचा कॅमेरा उघडा होता. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून डोकावायचा, वय साठीच्या पुढे. माझी एक रीत आहे. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान टेबलावर पसरतो. पहिला काढलेला स्क्रू एक तारखेच्या चौकोनात, दुसरा दोन तारखेच्या, असे आडवे ठेवत जातो. मिटवताना महिना उलटा चालायचा. एकावर पोचलो की कॅमेरा बंद. तुळजाबाईंचा एकोणीस तारखेपर्यंत आला होता.

हॉस्पिटलात जीभ थोडी वळायला लागल्यावर मी पहिला प्रश्न बायकोला, कुसुमला, हाच केला. "स्क्रू कुठे आहेत?" तिला तिसऱ्या खेपेला कळलं.

"डबीत भरून ठेवलेत. एकही हरवला नाही," ती अभिमानाने म्हणाली. दुकानाला कुलूप लावायच्या आधी तिने टेबल आवरलं होतं.

"सगळे एकत्र?"

"मग काय, एकेकाला वेगळी खोली द्यायची?"

त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. डॉक्टरांना वाटलं वाचा पुन्हा गेली. आणखी एक तपासणी झाली.

१९ फेब्रुवारी, रविवार

आमच्या केतकीने बंगळुरूहून एक खोकं पाठवलं. आत प्लॅस्टिकच्या विटा, एकात एक टच्‌कन बसणाऱ्या, काही तर मसुरीच्या डाळीएवढ्या. एकूण पाचशे बत्तीस. त्यांचा जुन्या धाटणीचा कॅमेरा बनतो. खोक्यावर छापलं आहे, 'वय वर्षे १८ आणि पुढे'. म्हणजे मी पात्र ठरतो.

फोनवर म्हणाली, "बाबा, हाताला एक्सरसाइज होईल, आणि थीम पण तुमचीच! आणि ऐका ना, आता दुकानाचं टेन्शन घेऊ नका. बंदच करून टाका."

"टेन्शन मी घेत नाही बाळ. लोक घरपोच देतात."

खोकं कपाटावर ठेवायला सांगितलं. सत्तावन्नाव्या वर्षी खेळण्याचा कॅमेरा बांधायचा, आणि खरा तिकडे पोट उघडं टाकून पडलेला.

२२ फेब्रुवारी, बुधवार

हाताचे व्यायाम घ्यायला बजरंग येतात. चाळिशीचे, पैलवानी बांधा, आणि प्रत्येक गोष्टीला "एक नंबर, काका!" परवा माझ्या हातून चहाचा कप पडला. तोही एक नंबर.

आज त्यांनी खोकं बघितलं आणि हरखले. "काका, हेच पाहिजे होतं! एकच हालचाल शंभरदा करायची. लावायचं, काढायचं, परत लावायचं. मेंदू असाच शिकतो."

मी म्हटलं, "एकदा नीट केलेलं काम मी पुन्हा करत नाही. चौतीस वर्षांत एकही कॅमेरा त्याच दुखण्यासाठी माझ्याकडे परत आलेला नाही."

बजरंगनी कुसुमकडे बघितलं. कुसुमने पंख्याकडे बघितलं. पंखा साफ करायला झाला आहे खरा.

४ मार्च, शनिवार

तुळजाबाई आल्या. मुलाचा टेंपो मेथी घेऊन मार्केट यार्डात आला होता. तिथून स्वारगेटला आमच्या घरी पायी. पंचाहत्तरीची बाई, तीन जिने चढून धाप नाही. दोन जुड्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्या हाताकडे सरळ बघितलं. बाकीचे लोक छताकडे बघत बोलतात.

"काय दादा, हात काय म्हनतोय?"

"काही म्हणत नाही. मौनात आहे."

"आन्‌ डबा?"

डबा म्हणजे कॅमेरा. त्यांचे यजमान गेनबा जत्रांमधून पडदा लावून फोटो काढायचे, तो. बारा मेला नातीचं, मैनाचं, लग्न आहे. "म्या समद्यास्नी सांगून बसलीया. पोरीचा येक फोटू म्हाताऱ्याच्याच डब्यातनं निघनार. बाकी काडू द्यात त्यांच्या मोबाइलात पायजे तेवडं."

कुसुम म्हणाली, "आजी, यांचं काही खरं नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला दाखवा ना."

"दुसऱ्याला कशापायी? ह्यांनी उघाडलाय, ह्येच मिटवतील. प्वाट फाडल्यावर डाक्टर बदलत्यात व्हय?"

त्या गेल्यावर कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली. दुकानाची किल्ली तिच्या हातात होती. "बारा मेपर्यंत आजींचा कॅमेरा मिटला तर ही तुमची. नाही मिटला तर शेजारच्या संपतला देऊन टाकते. तो कधीचा मोबाइलची कव्हरं मांडायला जागा शोधतोय. मान्य?"

"मान्य," मी म्हटलं. "आणि ते खोकं काढ खाली."

मोबाइलची कव्हरं! माझ्या दुकानात!

१६ मार्च, गुरुवार

पुस्तिकेत एक शब्द नाही, नुसती चित्रं. शब्द नसल्यामुळे शुद्धलेखन निर्दोष आहे.

अंगठा आणि तर्जनी यांची अजून ओळख नाही. वीट धरायला जातो, ती उडून सोफ्याखाली. रोज सोफ्याखालून आठ-दहा तरी निघतात. जीभ बाहेर काढून काम करतो आहे असं कुसुम म्हणाली. मी म्हटलं, ती तरी माझ्या ऐकण्यात आहे.

बसलेल्या विटा उचकटायला खोक्यात एक नारिंगी पट्टी दिली आहे. मी ती बाजूला टाकली. उचकटणाऱ्यांतला मी नाही.

दहा दिवसांत तळ झाला. चौपन्न विटा. सगळ्या उजव्या हाताने, डाव्याने फक्त शिव्या दिल्या.

२५ मार्च, शनिवार

विचित्र प्रकार. सकाळी तीन ओळी पक्क्या बसवल्या. जेवून झोपलो. दुपारी एक ते चार मी झोपतो. आजारपणात बाकी सगळं बदललं, हे नाही. चारला उठून बघतो तर वरच्या दोन ओळी मोकळ्या होऊन बशीत पडलेल्या. बशीत! कुसुम म्हणाली, खाली सांडल्या होत्या, मी उचलून ठेवल्या.

पुन्हा लावल्या. इलाज काय? अर्धवट काम मला बघवत नाही.

२ एप्रिल, रविवार

रोज तेच. सकाळी बसवलेलं दुपारी सुटतं. आधी वाटलं उन्हाने प्लॅस्टिक प्रसरण पावतं. पडदा लावून झोपलो, तरी सुटलं. मग आपल्याच बोटांवर संशय आला. तो आला तेव्हा जेवण गेलं नाही. बारा मे म्हणजे चाळीस दिवस उरले आणि माझी बोटं एक वीट दाबून बसवू शकत नाहीत, तर स्क्रू काय धरणार?

बजरंग म्हणाले, "काका, पकड एक नंबर आहे." मी विचारलं, मग सुटतं कसं? ते एकदम पाणी प्यायला आत गेले.

नारिंगी पट्टी दिसत नाही. मला नकोच होती, पण वस्तू जागेवर असावी.

कुसुमच्या दोन नखांचे टवके उडालेत. विचारलं, तर म्हणे मटार सोलले. एप्रिलात मटार? तर म्हणे फ्रोझन. फ्रोझन मटार सोलावे लागतात हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघराबाबत माझं ज्ञान एकूण तोकडंच.

८ एप्रिल, शनिवार

सापडलं! बोटांचा काही दोष नाही.

पाच दिवस वेळा टिपून ठेवल्या. सकाळी विटा सुटत नाहीत, संध्याकाळी सुटत नाहीत. सुटतात फक्त एक ते चारमध्ये. त्या वेळी सारं पुणं झोपलेलं, रस्ते मोकळे, आणि मोकळ्या रस्त्यावर स्वारगेटला येणाऱ्या बसगाड्या काय वेगाने जात असतील! घर हादरतं, विटा ढिल्या होतात. खिडकीत पाण्याचा पेला ठेवून बघितला. बस गेली की पाण्यावर कडी उठते. याहून मोठा पुरावा काय हवा?

कुसुमला पेला दाखवला. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. "अगं बाई, खरंच की," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. चला, निदान तिला तरी गांभीर्य कळलं.

कॅमेऱ्याखाली चौघडी घातली. तरी सुटला. आता मीही हट्टाला पेटलो आहे. बसगाड्यांनी दुपारी पाडायचं, मी चारनंतर उभारायचं. बघू कोण आधी थकतं. आज संध्याकाळी साठ विटा सव्वा तासात लावल्या. मागच्या महिन्यात एवढ्याला दहा दिवस लागले होते.

१४ एप्रिल, शुक्रवार

बस-खात्याला पत्र लिहिलं. मजकूर उतरवून ठेवतो.

'महोदय, आपल्या गाड्यांच्या दुपारच्या भरधाव धावण्यामुळे माझ्या राहत्या घरातील एक कॅमेरा दररोज खिळखिळा होत आहे. सदर कॅमेरा प्लॅस्टिकचा असला तरी माझी सहनशक्ती प्लॅस्टिकची नाही, ती कधीही तुटू शकते. दुपारी एक ते चार ही वेळ या शहरात देवसुद्धा पाळतात. आपण स्वतःला त्यांच्याहून व्यग्र समजत असल्यास तसे लेखी कळवावे.'

तिसऱ्या वाक्याशी पोचलो तेव्हा लक्षात आलं, पेन उजव्या हातात आहे. कधी गेलं ते कळलं नाही. संतापाच्या भरात विचारायचं राहून गेलं. अक्षर झोकांड्या खातंय, पण माझंच आहे. वेलांट्या ओळखीच्या आहेत.

कुसुमने पत्र दोनदा वाचलं.

"चुका बघत्येस का?"

"हो."

"आहेत?"

"नाहीत," म्हणाली आणि नाक ओढत, चपला घालून, पत्र टाकायला गेली.

२४ एप्रिल, सोमवार

बस-खात्याकडून उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण कॅमेरा पुरा झाला. खालच्या भागाला गेल्या आठवड्यापासून धक्का लागत नाही. आता फक्त पुढचं भिंग आणि वरच्या चकत्या सुटतात. म्हणजे सगळ्यांत बारके तुकडे. बसगाड्यांना नेमकं बरं कळतं!

एका जागी मात्र मी पुस्तिका मानली नाही. त्यांच्या चित्राप्रमाणे बांधला तर बटण दाबल्यावर काहीही होत नाही. बटण दाबून काही होत नसेल तर तो कॅमेरा नव्हे, तो नगरसेवक. आतल्या सत्तावीस विटा काढल्या, दुसऱ्या तऱ्हेने रचल्या, मध्ये कुसुमच्या केसांचा रबर ताणून बसवला. आता बटण दाबलं की आतली काळी पट्टी सरकते आणि 'खट्‌' असा आवाज येतो. सहा विटा उरल्या. ज्याने पुस्तिका काढली त्याला भेट म्हणून पाठवाव्यात असं वाटतं.

कुसुमने अकरा वेळा बटण दाबलं. बजरंगनी एकदाच दाबलं, आणि पहिल्यांदाच काही म्हणाले नाहीत.

उद्या दुकान.

२५ एप्रिल, मंगळवार

दुकान उघडलं. किल्ली कुसुमने स्वतः लावली, माझ्या हातात दिली नाही. संपत आला. हातात टेप होता, तो त्याने पाठीमागे लपवला. "बसा, बसा, श्यामराव. मी आपला सहज." मी म्हटलं, साडेपाच बाय सात आहे, लिहून घ्या, मोजायचे कष्ट कशाला.

कॅमेरा तसाच होता, अंगावर तीन महिन्यांची धूळ. आत नवी स्प्रिंग दिसत होती, म्हणजे ती मी तेव्हाच बदलली होती. फक्त मिटवायचा. स्क्रूड्रायव्हर उजव्या हाताने धरला. थरथर आहे, पण धरला.

मग डबी उघडली आणि सगळा ताठा उतरला. एकोणीस स्क्रू, पाच-सहा मापं, मापांत केसाएवढा फरक. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतली पाती फोडतो. असा दुसरा कॅमेरा समोर असता तर बघून लावले असते. माझ्या आठवणीत दहा जानेवारीचे ते दोन-तीन तास नाहीतच. पान कोरं आहे.

तासभर नुसता बसून होतो. कुसुमही बसून होती. मग मी डबीचं झाकण लावलं.

२६ एप्रिल, बुधवार

सकाळी कुसुमने चहाबरोबर एक घडी केलेला कागद ठेवला. कॅलेंडरचं पान. माझंच, त्या दिवशी टेबलावर होतं ते.

"हे तू टाकलं नाहीस?"

"मागे खजुराच्या वड्यांची कृती आहे. म्हणून ठेवलं."

खजुराच्या वड्या आमच्याकडे कुणी खात नाही.

पान उजेडाला धरलं. मी काढलेला प्रत्येक स्क्रू तेलात बुडवून, पुसून ठेवतो. पुसण्यात कुणी कितीही नीटस असो, थोडं तेल राहतंच. एक ते एकोणीस तारखांच्या प्रत्येक चौकोनात एक बारीक तेलकट रेघ उमटली होती. स्क्रूएवढी लांब. तीन तारखेची आखूड, चारची त्याहून नखभर मोठी, अकराची जाडसर.

चहा निवला. मी रेघा मोजत होतो आणि कुसुम म्हणाली, "सात आणि आठ सारखे आहेत. मी पट्टी लावून बघितलंय." मग लगेच, "कृती वाचताना दिसलं."

"कधी वाचलीस?"

"वाचत होते मधूनमधून."

९ मे, मंगळवार

बारा दिवस लागले. दिवसाला दोन स्क्रू, कधी एक, कधी शून्य. चौदा तारखेचा हातातून उडाला, आणि कुसुम व मी दोघं जमिनीवर पालथे पडून लोहचुंबकाने शोधत होतो. संपतने दारातून बघितलं आणि घाईघाईने निघून गेला. त्याचा काय समज झाला ते मी विचारणार नाही.

घरी येऊन रोज चारनंतर प्लॅस्टिकच्या भिंगाच्या चकत्या परत बसवतो. बसगाड्यांनी सोडलेलं नाही, मीही सोडलेलं नाही. आता ते काम मी बोलता बोलता करतो.

आज एक तारखेचा चौकोन. शेवटचा स्क्रू जागेवर गेला, फिरला, थांबला. चावी दिली, बटण दाबलं. खट्‌. साठ वर्षांचा म्हातारा ठणठणीत.

"झाला," मी म्हटलं.

कुसुमने पदराची गाठ सोडून किल्ली टेबलावर ठेवली. "जेवायला चला," म्हणाली. संपतचा टेप आमच्याच फळीवर राहिला होता, तो मी त्याला नेऊन दिला. म्हटलं, लागेल तुम्हाला, दुसरीकडे.

१२ मे, शुक्रवार

उंड्रीला लग्न. डीजे असा की माझी गुठळी पुन्हा हलली असती. तुळजाबाई हिरवं नऊवारी नेसून पहिल्या रांगेत. कॅमेरा हातात दिला तर घेईनात.

"तुमीच काडा."

"आजी, हात हलतो माझा."

"माझं म्हातारं दारू पिऊन काडायचं. तुमचा काय हलतोय त्येच्याम्होरं!"

मैना आणि तिचा नवरा समोर उभे राहिले. भोवती चाळीस मोबाइल वर गेले. तुळजाबाईंनी ओरडून ते खाली घ्यायला लावले. "व्हा बाजूला! आजोबांचा डबा हाय!" मी कॅमेरा पोटाशी धरला, वरून डोकावलो. काचेत पोरगी उलटी-सुलटी दिसत होती, डावीकडची उजवीकडे. श्वास रोखला. एका सेकंदाचा शंभरावा भाग एवढाच वेळ हाताने माझं ऐकणं गरजेचं होतं. तेवढं त्याने ऐकलं.

"हाललं न्हाई न्हवं?"

"नाही."

तुळजाबाईंनी कॅमेरा घेतला, पदराने पुसला आणि मांडीवर ठेवला. जेवायची पंगत उठेपर्यंत तो तिथेच होता.

१५ मे, सोमवार

दुकानाच्या पाटीसाठी फडकं हवं होतं म्हणून कुसुमच्या शिवणाच्या मशीनचा खण उघडला. फडकं होतं. त्याखाली नारिंगी पट्टी. पट्टीखाली पाकीट, वर माझं झोकांड्या खाणारं अक्षर, 'मा. व्यवस्थापक, बस-खाते'. तिकीट लावलेलं, शिक्का नाही.

फडकं घेतलं. बाकी होतं तसं ठेवलं. खण लावला.

जेवून झोपलो, म्हणजे पडलो. अडीचच्या सुमाराला पलीकडच्या खोलीतून आवाज आला. टक्‌. थोड्या वेळाने पुन्हा, टक्‌. रस्त्यावरून एक बस गेली. घर काही हादरलं नाही. मी कूस बदलून डोळे मिटून घेतले. एक ते चारमध्ये मी उठत नाही, हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

चारला उठलो. भिंगाच्या नऊ चकत्या बशीत. कुसुम मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून एकेक चकती उचलली, उजव्या हाताने, आणि लावायला घेतली.

"या बसगाड्यांचं काहीतरी केलं पाहिजे," मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. "पत्र लिहा ना."

"लिहिलं होतं."

"मग?"

"पोचलं ते."

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. मी शेवटची चकती बसवली आणि बटण दाबलं. खट्‌.